दोन्या बार्तोलाचं उशिराचं हसू

साकाब गावात वडीलधाऱ्या बाईला मानानं दोन्या म्हणत, आणि दोन्या बार्तोलाइतकी बोलकी बाई दुसरी नव्हती. झुला विणायच्या चौकटीसमोर ती उभी राहिली, की हातातली सुई आणि तोंडातली जीभ दोन्ही एकदमच चालू व्हायच्या, आणि संध्याकाळपर्यंत दोन्हींचा धागा तुटायचा नाही. कुणाच्या टर्कीनं कुणाच्या परसात अंडी घातली, कुणाच्या जावयानं सासऱ्याच्या मक्याच्या शेतात पाय ठेवायचं नाकारलं, सगळं तिच्याकडे यायचं आणि तिखटमीठ लावून परत गावात जायचं.

हीच बार्तोला विणलेले झुले घेऊन तिकुलच्या व्यापाऱ्याकडे गेली, की तिच्या तोंडाला कुलूप लागे. तिकडचा कारभार सगळा स्पॅनिशमध्ये, आणि बार्तोलाला गावच्या माया भाषेशिवाय दुसरी येत नव्हती. 'सी' म्हणजे हो आणि 'आदिओस' म्हणजे येते, या दोन शब्दांवर तिनं सारं आयुष्य काढलं होतं. गडबडीत कधी दुकानात शिरतानाच ती 'आदिओस' म्हणायची आणि व्यापारी म्हणायचा, "निघालात? आधी माल तर दाखवा." तेही तिला दुसऱ्या कुणीतरी नंतर समजावून सांगावं लागे.

एल्मीचं घर तिच्या शेजारचं. मध्ये दगडाचं कमरेएवढं कुंपण, आणि ते कुंपणही बोलताना टेकण्यापुरतं. एल्मी आता मेरिदा शहरात लेकीच्या घरी असते. गुळगुळीत फरशी, नळाला पाणी, खिडकीला जाळी. पण दुपारी झुल्यात पडलं, की तिला अजून त्या कुंपणापलीकडून सुईचा सरसर आवाज येतोसा वाटतो. मग पुढची हाक येईल म्हणून ती उगाच वाट बघते. "कोमाद्रे, जागी आहेस का? नसलीस तर जागी हो, एक गंमत सांगते."

कोमाद्रे म्हणजे लेकराच्या नात्यानं झालेली सखी. तसं म्हणायचं कारण असं, की एल्मीच्या लेकीला, लांदीला, पहिल्यांदा कडेवर घेतलं ते बार्तोलानं. तिथली रीतच तशी. मूल तान्हं असतं तोवर त्याला आडवंच धरायचं. मग मुलगी असेल तर तिसऱ्या महिन्यात, कारण चुलीला दगड तीन, मद्रीना, म्हणजे मानलेली आई, येते, मुलीला पाय फाकवून कडेवर घेते आणि टेबलाभोवती नऊ फेऱ्या घालते. टेबलावर उकडलेलं अंडं, भोपळ्याच्या बिया, भाजलेल्या मक्याचं पीठ. अंड्यासारखी बुद्धी उघडावी, बीसारखी रुजावी. हातात सुई द्यायची, पेन्सिल द्यायची. आणि गावाची समजूत अशी, की ज्या कडेवर मूल पहिल्यांदा बसलं त्या कडेचा गुण मूल उचलतं.

बार्तोलाला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा लवकर गेलेला. लांदीला कडेवर घेऊन फेऱ्या घालताना तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. एल्मीची सासू म्हणाली होती, "अगं, श्वास तरी घे. पोरगी तुझ्यासारखी निघाली तर सून वेडी होईल माझी."

आणि निघालीही तशीच. लांदी चालायच्या आधी बोलायला लागली. कोंबड्यांशी, कुत्र्याशी, चुलीतल्या धुराशी. पाच-सहा वर्षांची झाली तेव्हा कुंपणाच्या या बाजूला ती आणि त्या बाजूला बार्तोला, मध्ये कुणाला शब्द टाकायला जागा नाही.

मग लांदी शाळेत गेली, आणि गप्प झाली.

शाळा म्हणजे चौकातली एक खोली. लिगियाबाई मेरिदाहून आलेल्या, तरुण, पाठीवर एकच वेणी, उन्हानं नाक कायम लाल. त्यांना माया येत नव्हती, आणि वरून हुकूम होता की वर्गात स्पॅनिशच बोलायचं. एवढ्या पोरांपुढे त्या एकट्या. रोज सकाळी प्रत्येकाला उभं करून त्या नाव विचारायच्या. महिन्याभरात इतर पोरं नाव सांगायला लागली. काही नुसतीच घोकल्यासारखी, काही एकमेकांचंच नाव सांगणारी, पण तोंड उघडणारी. लांदी उभी राहायची, बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि बसायची.

घरी आली की तिचा माया भाषेतला धबधबा पुन्हा सुरू. एल्मी विचारायची, "शाळेत बोललीस का गं?"

"नाही."

"का?"

"बघत होते."

"काय बघत होतीस?"

"बाईंना."

यापुढे काही हाती लागत नसे. नाताळ झाला, जानेवारीतला तीन राजांचा सण झाला. बाईंनी एल्मीला बोलावून घेतलं. एल्मीला बाजारापुरती स्पॅनिश यायची. कोणी सावकाश बोललं तर चारातला एक शब्द पदरात पडायचा. त्या दिवशी पडलेल्या शब्दांत एक शब्द होता 'मुकी'. बाईंनी तो वाईट मनानं म्हटला नव्हता, विचारला होता. पण एल्मी घरी आली आणि तिनं पीठ मळायला घेतलं ते मळतच राहिली.

गावाला कळायला वेळ लागला नाही. एल्मीच्या नवऱ्याची आत्या दोन्या सिक्स्ता दळणाच्या रांगेत सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता त्यात नवल काय? मद्रीना कोण ते बघा. तिकुलात जी बाई खांबासारखी उभी राहते तिच्या कडेवर बसवलीत. गावात बडबड, बाहेर मुकी. अगदी तिचाच गुण."

बार्तोला रांगेत मागेच होती. डोक्यावर उकडलेल्या मक्याचं भांडं. एल्मीला वाटलं, आता जुंपते. पण बार्तोला दळण न घेताच परत गेली. दुपारी सुईचा आवाज नाही, हाक नाही. एल्मी कुंपणापाशी गेली तर बार्तोला चौकटीसमोर हात मांडीवर ठेवून बसलेली.

"ती बाई खोटं बोलली नाही, कोमाद्रे," बार्तोला म्हणाली. "पेन्सिल दिली मी तिच्या हातात. पण जी भाषा माझ्यात नाही ती मी कुठून देणार होते? तेव्हाच सांगायला हवं होतं, दुसरी कुणी शोधा."

"काहीतरीच तुमचं. माझ्या पोरीला तुमच्याशिवाय करमतं का?"

"करमतं ते निराळं." मग डोळे बारीक करून ती म्हणाली, "पोपटाचा उपाय करू या का?"

उशिरा बोलणाऱ्या मुलाला पोपटानं टोचलेली तोर्तिया, म्हणजे मक्याची भाकरी, खायला घालायची, हे तिथं सगळ्यांना ठाऊक. गावात पोपट चिकार. दोन्या सिक्स्ताकडेही एक होता. पण बार्तोलानं हात झटकले. "आपल्या गावचे पोपट मायाच बोलतात. त्यांचं उष्टं खाऊन ही माया आणखी बोलेल, आणि मग आपण कुठे जायचं? तिकुलच्या दुकानदाराचा पोपट हवा. तो स्पॅनिश बोलतो."

असं तिनं अगदी गंभीरपणे म्हटलं, आणि एल्मीलाही ते अगदी पटलं. शनिवारी दोघी लांदीला घेऊन तिकुलला गेल्या. कापडाच्या दुकानात पिंजरा टांगलेला. बार्तोलानं ओढणीखालून तोर्तिया काढली आणि पिंजऱ्याच्या तारेत सरकवली. पोपट मान वाकडी करून बघत राहिला. दुकानदार आतून काहीतरी ओरडला. बार्तोला म्हणाली, "सी." तो पुन्हा ओरडला. ती पुन्हा "सी." पोपटानं तेवढ्यात एक तुकडा तोडला, बार्तोलानं उरलेली तोर्तिया ओढून घेतली आणि तिघी जवळजवळ पळतच बाहेर आल्या. चौकातल्या झाडाखाली लांदीनं ती मुकाट्यानं खाल्ली.

"कशी लागते?" बार्तोलानं विचारलं.

"शिळी," लांदी म्हणाली. मायामध्ये.

आठवडा गेला, दुसरा गेला. काही फरक नाही. सिल्वानो, एल्मीचा नवरा, तसा भांडणारा माणूस नव्हता. पण एका संध्याकाळी शेतावरून येऊन कोयता भिंतीला टेकवताना तो म्हणाला, "शाळेत जाऊन गप्पच बसायचं असेल तर घरी गप्प बसून विणू दे की. गावची जत्रा झाली की चौकटीवर बसव तिला. बाईंनाही डोक्याला ताप नको."

एल्मीनं तवा उतरवला. पोरगी शिकतेय, हे कशावरून म्हणायचं? तिनं त्या दिवसांत लांदीच्या तोंडाकडे इतकं बघितलं, की पोरगी चिडून म्हणायची, "आई, माझ्या तोंडाला काय लागलंय?" झोपेत ती काही स्पॅनिश पुटपुटते का म्हणून एल्मी झुल्याजवळ कान नेऊन उभी राहायची. पोरगी झोपेतही मायाच बोलायची.

जत्रा आली. चौकात फांद्यांचा मांडव, पितळी वाद्यांचा ताफा, पांढऱ्या भरतकामाच्या झग्यांतल्या बायका नाचायला उभ्या. नाच रंगात आला की कुणीतरी "बोंबा!" म्हणून आरोळी देतो, वाजंत्री थांबते, आणि एक गडी पुढे होऊन उखाण्यासारख्या दोन ओळी फेकतो. बाईला चिडवणाऱ्या, सासूला टोमणा मारणाऱ्या. लोक हसतात, वाजंत्री पुन्हा सुरू होते. त्या वर्षी ओळी फेकायला तिकुलचा एक जाड मिशीवाला आला होता.

बोंबा स्पॅनिशमधले, पण हसायच्या साऱ्याच. निम्म्या बायकांना काही कळत नसे. बार्तोलाची तर त्यात हातोटी होती. तिनं एकदा एल्मीला सांगितलंही होतं, "मी बोंबा ऐकतच नाही. तोंडं बघते. गावातल्या दुकानदाराच्या बायकोला स्पॅनिश येते. ती हसली, की मी हसायचं. तिचे दात दिसले म्हणजे साधा, आणि तिनं तोंडावर हात घेतला तर चावट. चावट असला तर मी जरा लाजून हसते." सगळं गाव हसलं, की मागून घागरीतून पाणी सांडल्यासारखं बार्तोलाचं हसू यायचं, आणि तिचं उशिराचं हसू ऐकून लोक पुन्हा हसायचे.

त्या संध्याकाळी ती पुढच्याच बाकावर होती. मांडीवर लांदी, शेजारी एल्मी. मिशीवाल्यानं पहिला बोंबा टाकला. तो काय होता ते एल्मीला फार नंतर कळलं:

"तुझ्यासाठी कोंबडा आणला, लाल त्याचा तुरा,
तुझ्या आईनं रस्सा केला, मला वाढला चुरा!"

लोक हसले, बार्तोला मागाहून हसली. हसता हसता तिनं खाली मांडीवर बघितलं. लांदीचे खांदे आधीपासूनच हलत होते. पण गर्दीत कोण आधी आणि कोण नंतर, हे कोण बघतो? बार्तोलाशिवाय कुणी नाही. ती पुढच्या बोंबाला दुकानदाराच्या बायकोकडे न बघता पोरीच्या तोंडाकडे बघत बसली.

वाजंत्री थांबली. मिशीवाल्यानं या खेपेला पुढच्याच बाकाकडे हात केला.

"पहिल्या रांगेत बसली म्हातारी, खुदुखुदु हसते,
काय कळलं ते विचारा तिला, शेजारणीला पुसते!"

मांडव कोसळेल असा हशा पिकला. पुरुषांच्या घोळक्यात सिल्वानोही हसत होता. दुकानदाराच्या बायकोनं पोट धरलं. हात आपल्याकडे केलेला पाहून बार्तोलाला वाटलं आपला मान केला, आणि तिनं तोंड भरून हसायला सुरुवात केली. तेवढ्यात मांडीवरल्या लांदीनं वळून आपला तळहात तिच्या तोंडावर दाबला.

"हसू नको ना, मद्रीना." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ते तुझ्यावर आहे."

बार्तोलानं तो हात हळूच बाजूला केला. "काय म्हणाला तो?"

लांदीनं कानात सांगितलं. सगळं. म्हातारी, पहिली रांग, शेजारीण.

शेजारी एल्मीलाही ते ऐकू गेलं आणि तिचं तोंड उतरलं. "चला कोमाद्रे, घरी जाऊ. मेल्याला लाज नाही."

"घरी कशाला?" बार्तोलानं तिचं मनगट धरलं. "अगं, बोलला ते बोलला. खोटं कुठं बोलला? पण हिला कळलं! ऐकलंस ना? गर्दी हसत होती आणि ही हसली नाही. मी चाळीस वर्षं लोकांच्या तोंडाकडे बघून हसतेय गं. जे न कळता हसतात त्यांना मी ओळखते. ही न हसणारी आहे. हिला कळतंय!"

एल्मी उठली आणि पुरुषांच्या घोळक्यात शिरून सिल्वानोला बाजूला घेऊन आली. "तो शेवटचा काय होता?"

सिल्वानोनं डोकं खाजवलं. "जाऊ दे ना. मस्करी."

"म्हातारीवर होता? शेजारणीला पुसते म्हणून?"

"हो." मग त्यानं एल्मीकडे नीट बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"लांदीनं."

सिल्वानो बराच वेळ बार्तोलाच्या पाठीकडे बघत राहिला. मघाशी आपण किती मोठ्यानं हसलो, ते त्याला आठवत असावं. शेवटी म्हणाला, "पण आपल्याला कळून काय उपयोग? कळायला हवं ते बाईंना."

घरी जाताना एल्मीला एकेक आठवायला लागलं. मीठवाला कुंपणाबाहेरून दमल्या आवाजात स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला होता आणि लांदी आपणहून पाण्याचा भोपळा घेऊन गेली होती. 'ते काय म्हणाले' असं ती पूर्वी दर माणसामागे विचारायची, ते विचारणं कधी बंद झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. शाळेत जाताना ती रडत नव्हती. आपण तिच्या जिभेवर पहारा देत बसलो, आणि काम तर कानांत चाललं होतं.

सोमवारी सकाळी बार्तोला धुतलेला झगा घालून दारात उभी. "चल, बाईंकडे."

"बोलणार कोण? सिल्वानो पहाटेच शेतावर गेला. माझी स्पॅनिश ही अशी."

"लांदी आहे ना."

"ती बोलत नाही म्हणून तर सगळं चाललंय, कोमाद्रे!"

"बघू," बार्तोला म्हणाली, आणि चालू लागली.

लिगियाबाई वर्ग झाडत होत्या. तिघींना बघून त्यांनी केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि सवयीनं लांदीकडे बघून म्हणाल्या, "यांना सांग, बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय." एल्मीला त्यातलं फक्त 'खुर्ची' कळलं.

लांदी वळली. "मद्रीना, बस. त्या खुर्चीवर नको, पडशील. तिचा पाय मोडलाय."

बार्तोला बाकावर बसली. बाईंच्या काही ध्यानात आलं नाही. त्या पुढे बोलत राहिल्या, लांदी तेवढ्याच वेगानं मायामध्ये सांगत राहिली. वडील मुलीला घरी बसवणार असं ऐकलं, ते खरं का? मुलीला कमी ऐकू येतं का? घरी तरी बोलते का?

बार्तोला हसायलाच लागली. "घरी बोलते का? सांग बाईंना, घरी तुझ्या तोंडाला झाकण घालावं लागतं."

लांदी बाईंकडे बघत गप्प उभी राहिली. मायातून स्पॅनिशमध्ये काही जाईना. वाट एकाच बाजूनं उघडी होती. एल्मीनं धीर केला आणि मोडक्या शब्दांत म्हणाली, "मुलगी... ऐकते. सगळं. आम्हाला सांगते. आत्ता... बाई बोलते, ती सांगते."

लिगियाबाई थांबल्या. खुर्चीकडे बघितलं, बाकावर बसलेल्या बार्तोलाकडे बघितलं. मग त्यांनी फळ्याकडे तोंड केलं, म्हणजे पोरीला हातवारे दिसू नयेत, आणि नेहमीच्या वेगानं काहीतरी लांबलचक बोलून गेल्या.

लांदीनं श्वास घेतला. "बाई म्हणतात, त्यांना इथे आल्यापासून कुणाशी बोलायला मिळत नाही. दळणाच्या रांगेत सगळ्या हसतात तेव्हा त्यापण हसतात, पण कळत काही नाही."

बार्तोलाचे डोळे गोल झाले. "सांग त्यांना... नाही, राहू दे." ती उठली, आणि सरळ जाऊन तिनं बाईंचा हात हातात धरला. बाई वळल्या. पोरीनं काय सांगितलं ते बाईंना कळलं नव्हतं, पण म्हातारीच्या तोंडावरून सगळं बरोबर पोचलं एवढं त्यांना दिसलं. त्यांचं लाल नाक आणखी लाल झालं. मग त्या दोन वाक्यं बोलल्या, आणि लांदीनं ती जशीच्या तशी आईला सांगितली, जणू दुसऱ्याच कुण्या मुलीची गोष्ट.

"बाई म्हणतात, तिला बसवू नका घरी. बोलेल तेव्हा बोलेल." आणि जरा थांबून, "म्हणजे मी उद्यापण यायचं."

तिच्या तोंडून पहिला स्पॅनिश शब्द बाहेर पडायला पुढे बरेच दिवस गेले. पण एल्मीनं झुल्याजवळ कान लावणं सोडून दिलं. चौकटीवर लांदी बसली नाही. बार्तोला वारली त्या वर्षी लांदी मेरिदाला मोठ्या शाळेत होती, आणि निरोप पोचून ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ते एल्मीला अजून सलतं.

त्या सोमवारी मात्र निघता निघता आणखी एक झालं. लिगियाबाई लांदीपुढे उकिडव्या बसल्या, तिची वेणी सारखी केली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. बरंच बोलल्या. एल्मीच्या पदरात त्यातला एक शब्दही पडला नाही. लांदी ऐकत राहिली. तिचे कान लाल झाले.

"काय म्हणाल्या गं बाई?" बाहेर पडल्यावर बार्तोलानं विचारलं.

लांदी पुढे पुढे चालत होती.

"अगं, सांग की. मघाशी कशी सगळं सांगत होतीस!"

"ते तुम्हाला नव्हतं म्हटलं," लांदी म्हणाली. "ते मला म्हटलं."

आणि तिनं ते आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.